पडद्यावरचा घास

दादाचा फोन आला तेव्हा माकणीला, माहेरी न्यायची शेवयांची खीर गॅसवर होती. "तुझी वैनी गेली गं..." एवढंच तो म्हणाला. गॅस मी बंद केला, पण ती खीर कुणाला द्यायची ते मला कितीतरी वेळ सुचेना.

माहेरच्या घरात वहिनी सगळ्यांच्या मागून जेवायच्या. पुरुषांची पंगत, पोरं, आलं-गेलं सगळं उरकलं, की चुलीशेजारी भिंतीकडं तोंड करून बसायच्या. घराण्याला त्याचं फार कौतुक! मला मात्र ते कधी रुचलं नाही. मी भांडायचे, तर त्या हसून म्हणायच्या, "वन्सं, तुमी माहेरी आलाव, गप जेवा." मागच्या वर्षी त्या वाळत चालल्या. टॉनिक झालं, दृष्ट काढून झाली. काखेत कळसा अन् गावाला वळसा, अशी आमची गत. त्यांच्या ताटात काय उरतं ते बघायला त्या वेळी तिथं कुणी नसायचंच. भाकरी उतरेना म्हणून त्या ती ताकात कुस्करायच्या, पुढं तीही बंद, नुसतं ताक... कितीतरी महिने हे असं चाललं होतं, आणि भरल्या घरात कुणाला पत्ता नव्हता.

सोलापूर जवळ पडतं म्हणून त्यांना मी माझ्याकडं तामलवाडीला आणलं. "फोटू काढायचाय तर चांगलं लुगडं तरी नेसू द्या," म्हणाल्या. सोलापूरच्या दवाखान्यात त्यांना एक पांढरं औषध प्यायला दिलं आणि एक्स-रेच्या यंत्रापुढं उभं केलं. काचेपलीकडून मला पडदा दिसत होता. औषध छातीपर्यंत उतरलं, थांबलं, साचलं... मग दोऱ्याएवढी बारीक रेघ खाली सरकली. वहिनी या घरात आल्या तेव्हापासून मी त्यांना ओळखते, पण त्यांना गिळताना पहिल्यांदा पाहिलं ते त्या पडद्यावर. मला रडू आवरेना.

अन्ननलिकेत गाठ होती आणि ती काढण्याची वेळ निघून गेली होती. तोंडातून घातलेली दुर्बीण पुढं जाईना, तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रेच्या पडद्यावर बघत एक तार त्या फटीतून खाली उतरवली आणि तिच्यावरून धातूची जाळी नेऊन बसवली. जाळी उमलली, वाट झाली. आजार तिथंच राहणार होता, पण घास उतरणार होता. "आता भाकरी?" शुद्धीवर आल्यावर वहिनींनी पहिलं हेच विचारलं. कोरडी भाकरी नाही, मऊ भात, खीर, तेही बसून, सावकाश, असं डॉक्टरांनी बजावलं.

घरी आल्यावर मी त्यांना सगळ्यांच्या आधी वाढलं आणि समोर बसले. त्या घास हातात धरून तशाच. शेवटी हळूच म्हणाल्या, "बगू नगा वं वन्सं. कुणी बगितलं की उतरत न्हाय." आणि ताटली घेऊन भिंतीकडं वळल्या. डॉक्टरांनी वाट मोकळी केली, पण ही भिंत काही हलली नाही. मला त्यांचा राग आला. अजूनही येतो.

परवा माकणीला गेले होते. सगळ्यांची जेवणं झाली आणि दादाची सून वहिनींचीच ताटली घेऊन, चुलीशेजारी, त्याच जागी भिंतीकडं तोंड करून बसली. मी तिला खांद्याला धरून वळवलं.

"आत्या, काय झालं?"

"काही नाही. माझ्याकडं तोंड कर. जेव... मला दिसू दे."