माझ्यावर न आलेलं राज्य

“वो कच्चा लिंबू है चाचा, उसको नहीं गिनते,” दीदी म्हणाली आणि पुढे निघून गेली.

मी शिलाईच्या कारखान्यात, दारामागे उभ्या करून ठेवलेल्या कापडाच्या ताग्यांआड उकिडवी बसले होते. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, भिंतीलगत मशिनी आणि जमिनीवर चिंध्यांचा थर. चाचा तिथले सगळ्यात जुने टेलर. त्यांनी मशीन न थांबवता मानेनंच माझ्याकडे खूण केली होती आणि म्हणाले होते, “इधर है एक.” त्यावर दीदी आत आली होती, तिनं वाकून ताग्यांमागे बघितलं होतं. क्षणभर आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तिच्या कपाळाला घामानं चिकटलेले केससुद्धा मला दिसत होते, म्हणजे मी तिला दिसले होतेच. तरी ती वळली.

“अच्छा, कच्चा लिंबू,” चाचा स्वतःशीच म्हणाले आणि तुटलेला दोरा सुईत ओवायला लागले.

मी तिथंच बसून राहिले. ज्याला कुणी शोधतच नाही त्यानं लपून राहायचं की बाहेर यायचं, याचा काही नियम नव्हता.

ही उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधली गल्ली. एका बाजूला जुन्या लष्करी बॅरेकमधली घरं, दुसऱ्या बाजूला खाली दुकानं आणि कारखाने, वर आमच्यासारख्यांच्या भाड्याच्या खोल्या. सुट्टीत सकाळपासून दुपारपर्यंत गल्ली दीदीच्या आईच्या पापडांची असायची. बॅरेकमधल्या टोकाच्या घरात दीदीच्या घरचे राहायचे आणि त्यांच्या दारापासून मधल्या नळापर्यंत खाटा मांडून पापड वाळत घातलेले असायचे. उन्हं पत्र्यांमागे गेली की गल्ली आमची व्हायची. तेव्हाही एखाददुसरी खाट तशीच राहायची. खाटेला ज्याचा धक्का लागेल तो त्या दिवसापुरता खेळातून बाद, हा नियम दीदीचा. खरं तर तो तिच्या आईचा, पण आमच्यापर्यंत दीदीच्या तोंडून यायचा आणि त्यामुळे जास्त पाळला जायचा. दीदी आठवीत होती. तिच्या वयाची मुलंही तिला दीदीच म्हणायची.

लगोरी, विषअमृत, सोनसाखळी, सगळं चालायचं. पण मे महिन्यात डब्बा ऐसपैस. फर्निचरवाल्याकडून आणलेला पॉलिशचा रिकामा डबा कुणीतरी लांब फेकायचा. ज्याच्यावर राज्य असेल त्यानं तो आणून खडूच्या गोलात ठेवायचा, तोवर बाकीच्यांनी लपायचं. मग जो दिसेल त्याचं नाव घ्यायचं, धावत येऊन डब्यावर पाय ठेवायचा आणि ‘ऐसपैस’ म्हणायचं. सगळ्यात आधी ज्याचं नाव घेतलं जाईल, पुढचं राज्य त्याच्यावर. पण मध्येच लपलेल्यांपैकी कुणी येऊन डब्याला लाथ मारली, तर पकडलेले सगळे सुटायचे आणि राज्य होतं त्याच्यावरच राहायचं.

म्हणजे संध्याकाळभर गल्लीत नावं ऐकू यायची. कुणाचं अर्धवट, कुणाचं बिघडवलेलं, कुणाचं घरचं लाडाचं. वरच्या मजल्यावरच्या मुलाचं तर त्याची आईही घेत नसेल इतक्या वेळा घेतलं जायचं, कारण त्याला लपल्यावर हसू यायचं. माझं नाव कधीच यायचं नाही.

कच्चा लिंबू मला आईनं केलं होतं. आम्ही अंबरनाथहून, मोरिवलीतल्या आजोळच्या घरातून इथं राहायला आलो तेव्हा मी पहिलीत होते. पहिल्याच संध्याकाळी दीदीनं खालून विचारलं, “खेळणार काय?” मी गॅलरीच्या गजांना धरून उभी राहिले. आईच मागून म्हणाली, “येईल की. पण जरा सांभाळून घ्या हां तिला. कच्चा लिंबू ठेवा.”

झालं. कच्चा लिंबू म्हणजे खेळात असलेला, पण हिशोबात नसलेला. तो पळतो, लपतो, ओरडतो, पण त्याला कुणी आऊट करत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. हे लहानग्यांसाठी असतं, रडू नये म्हणून. त्याची सुरुवात कुणीतरी मोठं माणूस करून देतं. शेवट कुणी करायचा हे कुणालाच माहीत नसतं. बहुधा मूल स्वतःच एक दिवस भांडतं आणि मोठं होतं.

मला भांडता येत नव्हतं. शाळेत इंग्रजी, घरात मराठी आणि गल्लीत हिंदी, त्यात मध्येच सिंधी. कुठल्या भाषेत उत्तर द्यायचं हे माझं ठरेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. मग गप्प राहणं बरं. मला ‘इंग्लिश’ असंच म्हणायचे. “ए इंग्लिश, बॉल दे.” मी बॉल द्यायचे.

खोटं कशाला सांगू, सुरुवातीची काही वर्षं मला ते सोयीचंच होतं. ज्याला कुणी पकडणार नाही तो खेळाच्या मधोमध उभा राहून सगळं बघू शकतो. वरचा मुलगा नेहमी जिन्याखालीच लपतो, चपला बाहेर ठेवून. दीदी राज्य घेते तेव्हा आधी उजवीकडे जाते. गल्लीतल्या दोघी मैत्रिणी एकमेकींचे फ्रॉक घालून येतात, म्हणजे राज्यवाल्याचं नाव चुकतं. आणि हरायला लागल्यावर कोण मूठ वर करून ‘टाइम प्लीज’ म्हणतं, कुणाला ते म्हटलं तरी मिळत नाही, हेही. मला सगळं माहीत होतं आणि मला कुणी विचारत नव्हतं. अजूनही ऑफिसात मी तशीच बसते. कुणी म्हणतं, ‘तिला राहू दे, ती बोलत नाही,’ तेव्हा मला बरं वाटतं आणि त्याच क्षणी आत काहीतरी खुपतं.

ते खुपणं सुरू झालं चौथीनंतरच्या सुट्टीत. वरच्या मुलाचा धाकटा भाऊ माझ्यासारखाच कच्चा लिंबू होता. चड्डी सावरत धावणारा, शेंबडा, अजून बालवाडीत. त्यानं एकदा जाऊन डब्याला लाथ मारली. राज्य त्याच्या सख्ख्या भावावर होतं.

“हट. कच्चा लिंबूची लाथ धरत नाय,” मोठा म्हणाला.

त्यावर धाकट्यानं गल्लीच्या मधोमध बसकण मारली आणि असं भोकाड पसरलं की दीदीची आई लाटणं घेऊन बाहेर आली. दुसऱ्या दिवसापासून तो पक्का. खेळाआधी राज्य कुणावर हे ठरवायला सुटायचं, तेव्हा त्याचाही हात सगळ्यांच्या हातांत. पहिल्यांदा त्याच्यावर राज्य आलं तेव्हा तो सगळ्यांना सांगत सुटला, “माझ्यावर हाय, माझ्यावर हाय,” जसं काही घरी पाहुणे आले होते.

मी पाचवीत जाणार होते. गल्लीत आता एकच कच्चा लिंबू होता.

रात्री जेवताना मी आईला विचारायचं ठरवलं, की तू खाली सांगशील का. पण बाबा शहाडच्या कारखान्यातून आले होते ते किल्ल्या घेऊनच. बदलापूरचा फ्लॅट तयार झाला होता. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत जायचं होतं. आई लगेच कुठली भांडी आधी बांधायची ते बोलायला लागली. माझा प्रश्न तसाच राहिला. आईनं सांगून राज्य आलं असतं तर ते आईचंच आलं असतं, असंही मनात आलं. बदलापूरला मी नवी असणार, तिथंही कुणीतरी खालून विचारणार आणि आई तेच बोलणार. इथून निघायच्या आधी एकदा तरी माझं नाव या गल्लीत मोठ्यानं घेतलं जायला हवं होतं. एवढंच हवं होतं.

म्हणून त्या दिवशी, राज्य दीदीवर असताना, मी कारखान्यात लपले. तिथं कुणी लपत नसे, कारण चाचा सांगून टाकायचे. मला तेच हवं होतं. कुणीतरी बोट दाखवलं की दीदीला नाव घ्यावंच लागेल, असा माझा विचार होता. दीदी आली, तिनं बघितलं, आणि मग ते वाक्य.

ताग्यांमागून मला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. दीदीनं वरच्या मुलाचं नाव घेतलं, त्याला जिन्याखालूनच काढलं असणार. त्या डावातलं ते पहिलं नाव. मग दोघी मैत्रिणी, मग धाकटा, मग बाकीचे. प्रत्येक नावानंतर डब्यावर पाय आपटल्याचा आवाज. सगळे सापडले तेव्हा ती म्हणाली, “हो गया. सगळे झाले.”

सगळे.

तेवढ्यात तिच्या आईनं हाक मारली, शेवटची खाट आत घ्यायला. दीदी डबा सोडून तिकडे गेली. डबा गोलात एकटा होता. मी उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या, चिंध्या चिकटल्या होत्या. दारात आले तर पायरीवर सगळे ओळीनं बसलेले, पकडलेले. वरच्या मुलानं मला बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला.

“ए इंग्लिश,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “मार ना. मार लाथ, बघत नाय ती.”

मी मारली. माझ्या अंदाजापेक्षा जोरात बसली. डबा खडखडत गेला आणि थेट खाटेच्या पायावर आपटला. खाटेचं दुसरं टोक धरून दीदी उभी होती. पापड हलले, पण एकही पडला नाही, आणि खाटेला धक्का डब्याचा लागला होता, माझा नाही. तिच्या आईनं आधी पापडांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सिंधीत काहीतरी पुटपुटत आत गेली.

“सुटलो,” वरचा मुलगा उठला. “सगळे सुटले. दीदी, तुझ्यावरच परत.”

“कसे सुटले? कच्चा लिंबूची लाथ कुठे धरतात?”

“बसली ना? सगळ्यांनी बघितली.”

“तुझ्या भावाच्या टायमाला तूच बोललेलास, नाय धरत.”

“ते वेगळं होतं.”

“काय वेगळं होतं?” धाकट्यानं भावाला विचारलं.

“तू गप ना बे. दीदी, लाथ ती लाथ.”

“तुझ्यावर राज्य येतंय म्हणून बोलतोय,” मैत्रिणींपैकी एक म्हणाली.

“तुला सुटायचं नाय? बस मग तिथेच.”

मी मध्ये उभी होते आणि बोलणं माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होतं. माझ्याबद्दलच होतं, पण मला कुणी विचारत नव्हतं. कारखान्यातली मशीन थांबली होती. चाचा दारात येऊन उभे होते, हातात कात्री तशीच.

शेवटी दीदीनं खाट भिंतीला टेकवली, हात झटकले आणि माझ्याजवळ आली. तिनं माझ्या फ्रॉकला चिकटलेली चिंधी काढली.

“जाने दे,” ती सगळ्यांना म्हणाली. “बदलापूरला चाललीय ती. आखिर का है. धर लिया, चलो. राज्य माझ्यावर.”

पायरीवरचे सगळे उठून ओरडायला लागले. वरच्या मुलानं माझ्या पाठीवर थाप मारली. “भारी, इंग्लिश.” चार वर्षांत माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. मी त्यांना सोडवलं होतं आणि दीदीनं ते धरलं होतं. घरी जाऊन हे सांगण्यासारखं होतं.

पण दीदीचा आवाज मी ओळखला. तो माझ्या आईचा होता. सांभाळून घ्या हां तिला, असा. आता मी बदलापूरला गेले असते तरी इथं कच्चा लिंबू म्हणूनच राहिले असते, एकदा लाडानं लाथ धरलेली. आणि हिशोबच करायचा, तर माझी लाथ धरायची नव्हतीच. मी आधीच आऊट झाले होते. वरच्या मुलाच्याही आधी, सगळ्यांच्या आधी, ताग्यांमागे, तिच्या डोळ्यांसमोर. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि कात्री घेऊन उभ्या असलेल्या चाचांना माहीत होतं.

दीदी डबा उचलायला वाकली. वाक्य माझ्या डोक्यात आधी इंग्रजीत आलं, मग हिंदीत. मी चपलेचा पुढचा भाग खडूच्या गोलात ठेवला. ओरडणारे अजून ओरडतच होते, त्यामुळे मला पहिल्यांदाच आवाज मोठा काढावा लागला.

“दीदी, मला तू सगळ्यांच्या आधी बघितलेलंस. राज्य माझ्यावर आहे.”