तलावावरच्या खांबातली माय

त्या लोखंडी खांबाची आठवण आली की मला आजही हसू येतं आणि लगेच अंगावर काटाही उभा राहतो. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता आणि मी अमरावतीच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. शहरात वीज नवी होती. ज्याच्या घरी बटण दाबून दिवा लागे, तो मोठा माणूस.

आमच्या हद्दीत एक तलाव होता आणि काठावर कापसाच्या जिनवाल्या एका शेठजींचा बंगला. शेठजींनी हौसेनं मुंबईहून बॅटरीवर चालणारी होडी आणवली. बॅटऱ्या इतक्या जड की रोज उचलून बंगल्यात नेणं नोकरांना जमेना. मग शेठजींनी बंगल्यातून वायर थेट घाटापर्यंत ओढली, होडी बांधायच्या लोखंडी खांबाला सुतळीनं आवळली आणि होडी पाण्यातच चार्ज होऊ लागली. सकाळी वायर लावायची, संध्याकाळी पाहुण्यांना फिरवून आणायचं.

एके दिवशी शेठजी तणतणत ठाण्यात आले. दर शुक्रवारी सकाळी बंगल्यातला फ्यूज उडत होता. मागच्या खेपेला तर अकोल्याचे व्याही बसलेले असताना होडी तलावाच्या मधोमध बंद पडली आणि व्याह्यांना हातांनी पाणी मारत काठाला यावं लागलं. मी मिशीतल्या मिशीत हसलो, ते नेमकं शेठजींनी पाहिलं.

"हसता काय ठाणेदारसाहेब? घातपात हाये हा!"

डायरीत नोंद केली. त्याच दिवशी आमच्या खबऱ्यानं बातमी आणली. तलावातल्या कमळांचा ठेका एका माळ्याकडे होता. होडीनं कमळं मोडतात म्हणून त्यानं शेठजींना चारचौघांत दम भरला होता, "तुमची होडीच बुडवतो!" गुन्हा शाबीत झाला असता तर त्याचा ठेका गेला असता, आणि त्याचं घर त्या कमळांवरच चालत होतं.

पुढच्या शुक्रवारी सकाळीच त्याला ठाण्यात आणून बसवलं.

"वायरीला हात कोण लावतं?"

"म्या हात नाई लावला, साहेब."

"मग कोणी लावला?"

"ते मले नोका इचारू."

खोटं बोलणारा माणूस भरभर बोलतो, हा माझा अनुभव. हा गडी मात्र खाली मान घालून गप्प. तो कोणाला तरी झाकत होता, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

तेवढ्यात त्याची बायको आली. नवऱ्याला पोलिसांनी उचललं म्हणून रडत नव्हती. हातात हळदी-कुंकवाचं ताट आणि चेहरा कसा खुललेला!

"ह्यायले कावून बसवून ठेवलं, साहेब? आज मायची ओटी हाये. तुमी बी चला."

माळ्यानं कपाळाला हात लावला.

"कुठली माय?" मी विचारलं.

"आसरा माय! घाटावरच्या खांबात जागी झाली. फुलं धुता धुता ओला हात लागला का झिनझिन करते. दर शुक्रवारी आमी तिले हळदीच्या पान्यानं न्हाऊ घालतो. आज तं साऱ्या जनी पान्यात उभ्या राहून ओटी भरनार हायेत."

पाण्यात राहणाऱ्या आसरांना आमच्याकडे फार मान. पूजा पोलीस बंद पाडतील, या धास्तीनं नवरा गप्प बसला होता. मला मात्र त्याच खांबाला आवळलेली शेठजींची वायर आठवली.

एका शिपायाला सायकलवर बंगल्याकडे पिटाळलं, मेन स्विच बंद करायला. मी त्या दोघांना घेऊन टांग्यानं घाटावर आलो. बायका पायऱ्या उतरू लागल्या होत्या.

"मागं व्हा!" मी ओरडलो.

"मायपाशी पोलिसाचं काय काम?" एक म्हातारी फणकारली.

धाकानं काम होणार नव्हतं. मी टोपी सारखी केली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "पहिला मान सरकारचा! ठाणेदाराची पूजा आधी!"

हा मात्र बिनतोड कायदा निघाला. मानापानाला आमचा वऱ्हाड कधी नाही म्हणत नाही. बायका मागं सरल्या. मी खांबापासून चार हात दूर उभा राहून, येत नसलेली आरती मनाला येईल तशी म्हणत सुटलो. बंगल्याच्या गच्चीवरून शिपायानं रुमाल हलवला तेव्हा कुठं माझी आरती संपली.

माळिणीनं पुढं होऊन खांबाला हात लावला. "माय गेली!" ती कळवळली. साऱ्या जणी माझ्यावर तुटून पडल्या.

मी सुतळी सोडली. वायरीचा जोड नुसत्या चिंधीनं गुंडाळलेला, चिंधी हळदीनं पिवळी आणि आत उघडी तार खांबाला टेकलेली. पूजेचं पाणी त्यात मुरलं की फ्यूज उडायचा. तारेतल्या विजेनं बैल कसा मरतो, ते त्यातल्या एकीनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं; तिनं ते साऱ्यांना सांगितलं. बायका भराभर पायऱ्या चढून वर सरकल्या.

माळीण आपल्या तळहातांकडे बघत राहिली. "साहेब, माही सून बी उतरनार होती पान्यात. पोटुशी हाये."

पंचनामा झाला. शेठजींनी तो वाचला आणि तक्रार मागं घेतली. त्यांनी घाटावर लाकडी खांब रोवला आणि पाण्यापासून दूर, कोरड्या छपरीत चार्जिंग सुरू केलं. होडी मग ओढून छपरीत न्यावी लागे, आणि ओढायला माळ्याचेच भाऊबंद येत. कमळांतून होडी न्यायची नाही, हेही ठरलं.

तेव्हापासून 'हे कोणी केलं' असं विचारण्याआधी मी 'तिथं रोज काय काय चालतं' असं विचारू लागलो. अर्धी वैरं तिथंच मिटत.

पुढं माळिणीला नात झाली. ती नारळ घेऊन ठाण्यात आली.

"खांबात माय नव्हती ना?" मी चिडवलं.

"खांबात नव्हती," ती म्हणाली, "पन त्या दिवशी तुमाले घाटावर कोनं धाडलं?"

उलटतपासणीत मी कधी हरलो नव्हतो. त्या दिवशी नारळ घेतला आणि टोपी काढून तो कपाळाला लावला.