पोताची ज्योत

मी सातव्या महिन्यातच जन्मले, तुळजापुरात, पुजाऱ्याच्या घरी. आईनं मला कापसात गुंडाळून शेगडीजवळ सुपात ठेवलं होतं. बघायला येणाऱ्या बायका मयताला आल्यासारख्या दबक्या आवाजात बोलायच्या म्हणे. मी काही गेले नाही. मग देवीनं जगवली, असं ठरलं.

इथवर ठीक होतं. पुढचं आठवलं की मला अजून संताप येतो. आमच्याकडं उतरणाऱ्या यात्रेकरूंसमोर वडील मंगळवारी संध्याकाळी पोत पेटवायचे. पोत म्हणजे पीळ घातलेल्या चिंध्यांचा, तेलात भिजवलेला पलिता. मी त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन टक लावून बसायची. "पापणी लवत न्हाय हिची," वडील कौतुकानं सांगायचे, आणि मोठमोठी माणसं माझ्यासारख्या परकरी पोरीच्या पाया पडायची. खरं एवढंच होतं, की दिवेलागणीनंतर मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

आईला संशय आला तो तांदळांवरून. मी ताट नाकाला लावून निवडायची, तरी खडे तसेच राहायचे. ती म्हणाली, "अहो, पोरीला सोलापूरला डोळ्याच्या डॉक्टरला दाखवू."

"जिनं जीव दिला, तिला डोळ्याचं कळत न्हाय व्हय?" वडील म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांचा खरंच विश्वास होता, आणि तोच नडला.

डावा डोळा पांढुरका दिसू लागला तेव्हा आईनं कुणाला न विचारता मला सोलापूरच्या मोटारीत बसवलं. डॉक्टरांनी बराच वेळ डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "दिवस भरायच्या आधी झाली का ही?" आईनं मान हलवली. "अशा मुलांचा डोळ्याच्या आतला पडदा कच्चा राहतो कधीकधी. डावा सुटलाय, तो गेला. उजव्याला चष्मा देतो, पण त्याचाही भरवसा नाही. लवकर आणायचं होतं, बाई."

चष्मा लावला तेव्हा कळलं, आईच्या कपाळावर गोंदण आहे. मी दिवसभर तेच बघत राहिले. घरी मात्र यात्रेकरू आले की वडील चष्मा काढून ठेवायला सांगायचे.

शाळा पुरी व्हायच्या आतच उजवाही गेला. त्यानंतरच्या मंगळवारी वडिलांनी पोत माझ्या तोंडासमोर धरला. गालाला धग लागली तेव्हाच कळलं, तो पेटलाय.

"दिसतो का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाय."

मागून कुणी बाई म्हणाली, "बघा, लई मोठी भक्ती. पापणीसुदीक लवत न्हाय." लोक एकेक करून माझ्या पायांवर वाकू लागले. वडील रडत होते, ते मला ऐकू येत होतं. त्यांनी कुणाला थांबवलं मात्र नाही.