डॅरेलचं ताट

दुकान चालवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. रिकामे खोके आणि किस्से! खोक्यांचं बरं असतं, मंगळवारी गाडी येते आणि घेऊन जाते. किस्से कोण नेणार? ते काउंटरच्या मागे पडून राहतात आणि चार ओळखीची माणसं चहाला थांबली की आपणहून बाहेर येतात. आज तुम्ही चहाला थांबलाच आहात, तर डॅरेलच्या आठवड्याचे सांगून टाकतो.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमध्ये मेट्रो स्टेशनाला लागून माझं किराणा दुकान. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे पुढचं सगळं शिक्षण गिऱ्हाइकांनी केलं. शनिवारी सकाळी नेहमीची मंडळी यायची. जोगळेकर, पुण्याचे, जवळच्याच ऑफिसात सॉफ्टवेअरमध्ये. नीलिमा, डेल्फ्टला पीएचडी करणारी, महिन्याचं सामान न्यायला ट्रेननं यायची, सायकलसकट. आणि आमची सुनंदा, म्हणजे दुकानाची खरी मालकीण.

एका शनिवारी जोगळेकर धापा टाकत आत आले. "शेठ, पोहे राहू द्या! मागच्या मैदानावर चिलखत घातलेली माणसं एकमेकांना ढकलतायत!"

* * *

गेलो. अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक संघ होता, सीझनआधीचा सराव चालू. तिकीट नाही, काही नाही, जाळीच्या कुंपणाबाहेर उभं राहायचं. प्रेक्षक म्हणजे आम्ही, एक डच आजोबा आणि त्यांचं कुत्रं.

अर्धा तास झाला तरी बॉल दिसेना. एका लोखंडी सांगाड्याला गाद्या बांधलेल्या, त्यावर कोच उभा आणि सात-आठ धिप्पाड माणसं तो सांगाडा कोचसकट ढकलत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतायत. मग परत. मग पुन्हा.

"हा खेळ आहे?" मी विचारलं.

"सराव आहे, शेठ. आज फक्त ढकलणं."

"अहो जोगळेकर, मी वीस वर्षं दुकान ढकलतोय, मालक डोक्यावर उभा असताना! मला बघायला कोणी आलं नाही!"

"मालक कोण?"

मी दुकानाकडे बोट दाखवलं, तिथं गल्ल्यावर सुनंदा बसली होती. जोगळेकरांनी तिला ते सांगितलं. त्या दिवशी चहा मीच केला.

* * *

जोगळेकर अर्धवट काही करत नाहीत. रविवारी बसून त्यांनी इंटरनेटवरून खेळाचे नियम काढले, सोमवारी ऑफिसच्या प्रिंटरवर छापले आणि पुढच्या शनिवारी जाड गठ्ठा घेऊन कुंपणाशी उभे. कोणी कोणाला नुसता हात लावला तरी हे ओरडायचे, "होल्डिंग! होल्डिंग!" म्हणजे नियमाबाहेर धरून ठेवलं. एकदा तर कोचनं शिट्टी तोंडातून काढून आमच्याकडे बराच वेळ बघितलं.

डच आजोबांनी मला हळूच विचारलं, "तुमचे मित्र पंच आहेत का?"

"नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहेत."

"अच्छा," आजोबा म्हणाले, "तरीच."

त्या दिवशी संघानं दोन गट पाडून सामना खेळायला घेतला. धडाधड आदळले, दोघं लंगडत बाहेर गेले. दुकान नीलिमाच्या हाती देऊन सुनंदा पहिल्यांदाच आली होती. तिनं विचारलं, "कोण जिंकतंय?"

"वहिनी, दोन्हीकडे एकच टीम आहे," जोगळेकर म्हणाले.

"असं होय! म्हणजे घरातलंच भांडण," सुनंदा म्हणाली आणि एकदम रस घेऊन बघायला लागली.

* * *

डॅरेल दुकानात आला तो त्यानंतरच्या शुक्रवारी. दारातून वाकून आला, तरी वरची घंटी डोक्याला लागून दोनदा वाजली. त्याच संघातला खेळाडू, अमेरिकेतल्या अलाबामाचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा. प्रत्येक वाक्याला "येस मॅम", "नो मॅम". असलं गिऱ्हाईक मी या देशात पाहिलं नव्हतं.

छोले कुठे ठेवलेत विचारायला आला आणि तासभर बोलत बसला. त्याचं सगळं या उन्हाळ्यावर अवलंबून होतं. मायदेशी दोन संघांनी त्याला सरावातूनच घरी पाठवलं होतं. हा तिसरा. इथूनही गेला तर चुलतभावाच्या टायरच्या दुकानात नोकरी ठरलेली. त्यात आईनं चर्चमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलेलं, माझा मुलगा युरोपात खेळतोय म्हणून!

"कोच माझ्या वजनावर खूश नाही," तो खाली बघून म्हणाला. "पुढच्या शनिवारी सकाळी वजन करणार. जमलं तर राहीन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर एक माणूस येऊन सांगतो, कोचनं बोलावलंय, तुझं पुस्तक घेऊन ये. टीमचे सगळे डाव त्यात असतात ना, ते परत करायचं. ज्याला पुस्तक आणायला सांगितलं, तो घरी."

तो गेल्यावर सुनंदानं दार लावून घेतलं. मग म्हणाली, "वाळलाय हो पोरगा."

दीडशे किलोला थोडा कमी असेल!

पण मीही मान हलवली. मैदानावर तो उभा असायचा त्या रांगेत खरंच सगळ्यांत बारीक तोच होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जोगळेकरांनी गठ्ठा उघडून निर्वाळा दिला, "पुढच्या रांगेत जेवढं वजन जास्त तेवढं चांगलं. वहिनी, हातात आठवडा आहे."

* * *

शनिवारी संध्याकाळपासून डॅरेल आमच्याकडे जेवायला. दुकानाच्या वरच घर.

आता आमच्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. ताट रिकामं दिसलं की वाढायचं. पाहुणा नको म्हणाला तर एक पोळी जास्त वाढायची. पाहुण्याला खरंच नको असेल तर तो ताटात थोडं ठेवतो, हात आडवा धरतो, मग आपण थांबतो. डॅरेलच्या आईनं त्याला वेगळं शिकवलेलं. दुसऱ्याच्या घरी जेवताना ताटात शीत ठेवायचं नाही!

झालं. तो ताट स्वच्छ करायचा, सुनंदा ते भरायची. ती भरायची, तो स्वच्छ करायचा. शनिवारी पुरणपोळ्या, वर तुपाची धार. रविवारी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी. सोमवारी बासुंदी. जाताना डिंकाच्या लाडवांचा डबा, सकाळी सरावाआधी खायला. सुनंदाचं इंग्रजी तेव्हा दोन शब्दांचं होतं, "ईट" आणि "मोअर". दोन्ही पुरले.

"नो मॅम" म्हणणारा मुलगा खाण्याच्या बाबतीत एकदाही "नो मॅम" म्हणाला नाही. फक्त मंगळवारी श्रीखंडाच्या तिसऱ्या वाटीनंतर त्याच्या डोळ्यात पाणी आलं.

"आईची आठवण आली असेल," सुनंदा म्हणाली आणि चौथी वाटी पुढे केली.

* * *

बुधवारी नीलिमा आली. पुस्तकं परत करायला अ‍ॅमस्टरडॅमला आली होती, म्हणून डोकावली. सुनंदानं सगळं कौतुकानं सांगितलं. नीलिमानं लाडू तोंडात टाकता टाकता विचारलं, "काकू, पण वजन वाढवायचंय की कमी करायचंय?"

जोगळेकर जेवणाच्या सुट्टीत आलेले, मी त्यांच्याकडे वळलो.

"जोगळेकर?" मी म्हणालो.

"मी... गृहीत धरलं होतं."

संध्याकाळी डॅरेल आला तेव्हा नीलिमानंच विचारलं. तो बुटांकडे बघत म्हणाला, "कमी, मॅम. कोचला मला पुढच्या रांगेतून काढून पळायच्या जागेवर घ्यायचंय. नऊ पौंड कमी करायचे होते. आता बहुतेक पंधरा."

सुनंदा मटकन तांदळाच्या पोत्यावर बसली.

"अरे मग खाल्लंस कशाला!" ती मराठीतच ओरडली. नीलिमानं भाषांतर केलं.

"तुम्ही वाढत होता, मॅम."

"मग ताटात ठेवायचं ना थोडं!"

"ताटात?" त्याचा चेहरा असा झाला, जणू आम्ही त्याला चोरी करायला सांगतोय.

धंद्यात चुका झाल्या, त्यांचं इतकं कधी वाटलं नाही. परक्या मुलाची दोन्ही अमेरिकन संघांनी लावली नसेल एवढी वाट आम्ही चार दिवसांत लावली होती, तीही साजूक तुपात!

* * *

हातात अडीच दिवस.

आधी वजन कळायला हवं. माझा पोत्यांचा काटा शंभर किलोपर्यंतचा, तो डॅरेलला पुरेना. मी शेजारच्या सुरिनामी मासेवाल्याकडून त्याचा काटा आणला. नीलिमा म्हणाली, "एका काट्यावर एक पाय, दुसऱ्यावर दुसरा. दोन्ही आकडे मिळवायचे."

"असं चालतं?" जोगळेकर.

"काका, पीएचडी करतेय मी."

"वजनात?"

"पाण्याच्या पाइपांत. पण बेरीज तीच असते."

सुनंदानं तूप कपाटात ठेवून कुलूप लावलं. मुगाचं कढण, काकडी, ताक. ताक एकच भांडं, आणि पिऊन झालं की भांडं ती लगेच उचलून घ्यायची, स्वतःच्या हातावर तिचा विश्वास राहिला नव्हता. जोगळेकर सराव संपला की सायकलवरून पुढे आणि डॅरेल पळत मागे, असे कालव्याच्या कडेनं जायचे. पहिल्या दिवशी परत येताना जोगळेकर दमले. डॅरेल सायकल खांद्यावर घेऊन आला आणि जोगळेकर मेट्रोनं!

माझ्याकडे द्यायला एकच गोष्ट होती, दुकानाचा जिना. गुरुवारी मालाची गाडी आली. वीस-वीस किलोची तांदळाची पोती, तळघरापर्यंत सोळा पायऱ्या. डॅरेलला म्हटलं, "दोन खांद्यांवर दोन घे, आणि वर येताना पळत ये." एरवी सकाळभर चालणारं काम पाऊण तासात! शुक्रवारी मी त्याच्याकडून तळघरातली सगळी पोती डावीकडून उजवीकडे लावून घेतली. मग उजवीकडून डावीकडे.

सुनंदानं कमरेवर हात ठेवून विचारलं, "अहो, त्याचं वजन उतरवताय की तळघर आवरून घेताय?"

"दोन्ही," मी खरं सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी दोन काट्यांची बेरीज केली. अजून दोन पौंड जास्तच भरत होतं. डॅरेल म्हणाला, "थँक यू, मॅम," आणि पाणीसुद्धा न पिता कालव्याच्या कडेनं पळत गेला.

* * *

शनिवारी सकाळी वीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या वेळेत मी शटर ओढलं. आम्ही चौघं कुंपणाशी. वारा असा की डोळ्यातून पाणी यावं, त्यामुळे कोणाचं कशानं येतंय ते कळत नव्हतं. सुनंदानं शालीच्या आत काहीतरी घट्ट धरलेलं. मी विचारलं, ती म्हणाली, "काही नाही."

मैदानावर डॅरेल नव्हता. पलीकडे एक बस उभी, दोन मुलं बॅगा घेऊन त्यात चढली. तिसरा चढला. जोगळेकरांनी गठ्ठा पिशवीतून काढलाच नाही.

"तो बघा," नीलिमा म्हणाली.

ड्रेसिंग रूमच्या दारातून डॅरेल येत होता. सावकाश. आणि त्याच्या काखेत एक जाडजूड पुस्तक.

सुनंदानं माझा दंड धरला. "पुस्तक आहे हो."

"दिसतंय मला."

"आपण घालवलं त्याला."

डॅरेल चालत थेट कुंपणाशी आला. जाळीच्या वरून हात काढून त्यानं ते पुस्तक जोगळेकरांना दिलं. "सर, हे तुमच्यासाठी. कोचनं पाठवलंय. खेळाचे नियम आहेत, या वर्षीचे. ते म्हणाले, त्या गृहस्थांना ओरडायचंच असेल तर निदान हे वाचून ओरडायला सांग."

जोगळेकरांनी पुस्तक छातीशी धरलं. इतका आनंद त्यांना प्रमोशनच्या दिवशीही झाला नव्हता.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी राहिलो, सर." त्याचे सगळे दात दिसले. "पळायच्या जागेवर. कोच म्हणाले, पाय हलके झालेत. विचारत होते, कुठे सराव करतोस. मी म्हटलं, तांदळाच्या दुकानात."

नीलिमा नाचलीच. डच आजोबांना काही कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जाळीला टेकून उभा राहिलो. बुधवारपासूनचं ओझं कोणीतरी सोळा पायऱ्या खाली नेऊन ठेवल्यासारखं वाटलं.

"वजन किती भरलं?" सुनंदानं नीलिमाकडून विचारून घेतलं.

"हवं होतं त्यापेक्षा एक पौंड कमी, मॅम. अख्खा एक पौंड!"

सुनंदानं शाल बाजूला केली. आत स्टीलचा डबा. पहाटे कधी उठून केलं, मला पत्ता नाही. ती माझ्याकडे वळली. "अहो, एका पौंडात किती पुरणपोळ्या बसतात?"

मी दुकानदार माणूस. "चार," मी म्हणालो.

तिनं डब्याच्या झाकणात मोजून चार ठेवल्या आणि झाकण जाळीवरून पलीकडे दिलं. डॅरेलनं उभ्या उभ्या खाल्ल्या, बोटं पुसली, आणि रिकामं, स्वच्छ झाकण दोन्ही हातांनी परत केलं.

"थँक यू, मॅम."

सुनंदानं झाकणाकडे बघितलं. तिचा हात डब्यात गेला.

"काकूऽऽ!"

"वहिनी!"

"अगं!"

मैदानाच्या पलीकडच्या टोकावरून कोचनं जोरात शिट्टी मारली.