दोन नकाशांच्या काठावरचं गाव

नागपुरात मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. टीव्हीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशात आपलं शहर पार उजव्या टोकाला असतं. हवामान सांगणारी बाई जरा सरकली की ते तिच्या खांद्यामागे जातं. त्याची आम्हाला सवय आहे. मुंबईत पाऊस सांगितला म्हणून इथे कुणी छत्री काढत नाही.

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं इंग्लंडला गेलो, तेव्हा तिचं गावही असंच काठावरचं निघालं. ते बर्मिंगहॅम आणि ऑक्सफर्डच्या मधे आहे. फिरायला जाताना मला दिसलं, की एकाच रांगेतल्या घरांचे अँटेना काही उत्तरेकडे तोंड करून आहेत, काही दक्षिणेकडे.

जावयांना विचारलं तर म्हणाले, "इथे दोन्हीकडचे टॉवर पकडतात, बाबा. अँटेना जिकडे वळवाल तिकडच्या बातम्या."

आमचा दक्षिणेकडे होता. त्या नकाशात गाव अगदी वर, चौकटीला टेकलेलं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. त्यांची बायको बर्मिंगहॅमची, म्हणून लग्नानंतर त्यांनी अँटेना तिकडे वळवला. ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांनी तो हलवला नव्हता. त्यांच्या नकाशात तेच गाव तळाला, बातम्यांच्या पट्टीला लागून.

मुलीला बाळंतपणासाठी दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बोलावलं होतं. दवाखाना तासाभराच्या वाटेवर. दुपारी आमच्या टीव्हीने सांगितलं, बर्फ उत्तरेलाच राहील, आपल्याकडे कोरडं. आम्ही निश्चिंत झालो. इतक्यात दारावर टकटक झाली. शेजारचे आजोबा टोपी हातात घेऊन उभे.

"तुम्ही सकाळी निघणार आहात ना? माझ्या टीव्हीवर सांगतायत, बर्फ रात्रीत खाली सरकणार. मी तुमच्या जागी असतो तर आजच निघालो असतो."

ते गेल्यावर मी हिला सगळं समजावून सांगितलं. ही म्हणाली, "एका गावाचं हवामान दोन कसं काय जी? मले तर त्या बाबाजींचंच खरं वाटून राहिलं."

जावयांना ते पटेना. एका रात्रीसाठी अवघडलेल्या बाईला हॉटेलात कशाला न्यायचं? मुलगी माझ्याकडे पाहत होती. "बाबा, तुम्ही सांगा."

इतकी वर्षं नकाशे शिकवले, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी एवढंच म्हणालो, की दोन्हीकडच्या बातम्या आपापल्या मधल्या भागाचं सांगतात, आणि आपण कुणाच्याच मधे नाही. उगीच गेलो तर एक रात्र वाया जाईल. नाही गेलो आणि रस्ता अडला तर?

अंधार पडायच्या आत आम्ही दवाखान्याजवळच्या हॉटेलात पोचलो. पहाटे खिडकीबाहेर सगळं पांढरं होतं. गावाकडचा रस्ता दुपारपर्यंत बंद राहिला. संध्याकाळी नात झाली.

चौथ्या दिवशी घरी आलो तर फाटकापासून दारापर्यंत बर्फ खरवडून वाट केलेली. आजोबा त्यांच्या दारातूनच हात हलवत होते. ही सरळ कुंपणापाशी गेली. "या नं बाबाजी, घरात या. पोरीले पाहा."

मराठीचा एक शब्द त्यांना येत नव्हता, पण ते आले. बूट बाहेर काढले, हात धुतले आणि बाळाला मांडीवर घेऊन पाऊण तास बसले. हिने केलेला डिंकाचा लाडू त्यांनी चहात बुडवून खाल्ला.

आता दर रविवारी नागपूरहून व्हिडिओ कॉल असतो. नात पळत येते, काहीबाही दाखवते. मग ही विचारते, "बाबाजी कसे आहेत वं? जेवतात का बरोबर?"

"आई, मी काय त्यांच्या ताटात पाहून राहिली?" मुलगी म्हणते, आणि मग उठून कुंपणाकडे जाते.