त्या नावाची इथे कोणी नाही

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात, ही गोष्ट ग्वाल्हेरात कोणाला समजावून सांगायची म्हणजे डोक्याला ताप. चाळीस वर्षं झाली मला इथल्या खासगी बाजार मोहल्ल्यात येऊन, तरी शेजारीण अजून विचारते, "मतलब पूरा नाम? सिर्फ सरनेम नहीं?" हो बाई, पूर्ण नाव. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, झालं. माझं बदललं, माझ्या सासूचं बदललं, सुनेचं मी बदललं. तिला नको होतं. लग्नाआधी माहेरहून, सागरहून, फोनवर हळूच म्हणाली होती, "आई, माझं नाव राहू द्या ना, सगळे कागद त्याच नावाचे आहेत." मी म्हटलं, कागदांचं काय ते कागद बघतील, आपण घरात माणसाला हाक मारतो.

त्यानंतर चार वर्षांत ते माहेरचं नाव आमच्या घरात कोणी काढलं नाही, मी तर ते विसरूनही गेले. माझा मुलगाही तिला नव्याच नावाने हाक मारायला लागला. मला वाटलं, रुळली पोर.

तिला दिवस गेले तेव्हा मुलगा कामासाठी इंदूरला, घरात आम्ही दोघी आणि आमचे हे. ह्यांना पेपर आणि टीव्ही सोडून जगात काही चाललंय याचा पत्ता नसतो, त्यामुळे सगळा कारभार माझ्या गळ्यात. त्यात ती आशा दीदी. आमच्या भागातल्या गरोदर बायका आणि लहान मुलं यांची नोंद ठेवायला सरकारने नेमलेली बाई. चाळिशीची, कृश, खांद्याला रजिस्टरांनी फुगलेली पिशवी. ऐन दुपारी यायची, अगदी माझी पाठ टेकायच्या वेळेला. "माताजी, बहू का नाम लिखवा दीजिए." मी सांगितलं. अर्थात आमचं, सासरचं नाव. तिने कार्ड केलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "चाय के साथ मत देना, असर नहीं करती." मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहाबरोबरच गोळी द्यायला लागले. मला वाटलं, एवढुशा गोळीचं काय ते कौतुक! मी स्वतः डिंकाचे लाडू करतेय, खजूर आणतेय, आमच्या घरच्या सुनेला रक्त कमी पडेल कसं?

सातव्या महिन्याच्या शेवटी सरकारी दवाखान्यात तपासणीचा दिवस होता. मी तिला रिक्षाने घेऊन गेले. ही गर्दी, त्यात कार्ड घरी राहिलेलं. आशा दीदी त्या दिवशी दुसऱ्या गल्लीतल्या बायका घेऊन येणार होती, ती अजून पोचली नव्हती. खिडकीतला बाबू म्हणाला, कार्ड नाही तर आधार द्या. सुनेने पर्समधून आधार काढून दिलं. त्याने फोन नंबर विचारला, तिने तोंड उघडायच्या आत मी माझा सांगून टाकला, कारण हिचा फोन कायम चार्जिंगला नाही तर उशीखाली. पत्त्यात त्याने नुसतं "खासगी बाजार" लिहिलं. रक्त घेतलं. रिपोर्ट फोनवर कळेल म्हणाले.

आधारवर नाव कोणतं होतं, हे तुम्हाला आत्ताच कळलं असेल. मला नाही कळलं! एवढी पोस्टात तीस वर्षं नोकरी केलेली बाई मी, हजारो पत्ते वाचलेली, आणि माझ्या डोक्यात नाही आलं ते नाही आलं.

चार दिवसांनी फोन आला. "आप फलां जी बोल रही हैं?" असं करून एका बाईने कोणाचं तरी नाव आणि आडनाव विचारलं. मी म्हटलं, गलत नंबर. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि वर विचारते, घर में कोई प्रेग्नेंट है क्या. आता हल्ली हे फसवणुकीचे फोन किती येतात सांगा! कुठून नाव काढतात, कुठून घरातली माहिती काढतात, आणि मग खातं साफ. मी तिला चांगली फैलावर घेतली. म्हटलं, पुन्हा फोन केलास तर इंदरगंजच्या पोलीस चौकीत तक्रार करीन. नंबर ब्लॉक केला आणि ह्यांना अभिमानाने सांगितलं की तुमची बायको फसणाऱ्यातली नाही.

सून मधूनमधून विचारायची, "आई, रिपोर्ट आला का?" मी म्हणायचे, नाही आला म्हणजे सगळं ठीक असेल, वाईट असतं तर कळवलं असतं ना त्यांनी. ती हो म्हणायची आणि भिंतीला हात लावत खोलीत जायची. जिना चढताना धापा टाकायची, दुपारी झोपली की पाच वाजेपर्यंत उठायची नाही. मला राग यायचा. आम्हीही मुलं जन्माला घातली, पण एवढे चोचले नव्हते.

दोन आठवडे असेच गेले. एका दुपारी आशा दीदी दारात उभी. घामाने डबडबलेली, ओढणीने तोंड पुसतेय. हातात दवाखान्यातून मिळालेली यादी. म्हणाली, आपल्याच भागातली एक बाई आहे, तिचं रक्त फार कमी आलंय, हिमोग्लोबिन सातच्याही खाली, आणि आठवा महिना लागलाय. दिलेला नंबर चुकीचा निघाला, म्हणून मी घरोघर शोधत फिरतेय. तिने नाव वाचलं. दोनदा वाचलं. "आपके यहाँ कोई किराएदार तो नहीं?"

मी म्हटलं, त्या नावाची इथे कोणी नाही. आणि मग मी सुरू झाले, मला सुरू व्हायला कारण लागत नाही. कसल्या बायका असतात बाई, पोटात मूल आणि खुशाल खोटा नंबर देतात, तुमच्यासारख्यांना उन्हात वणवण करायला लावतात! दहा मिनिटं तरी मी दारात उभी राहून बोलत होते. दीदी बिचारी मान हलवत राहिली. जाताना तिने विचारलं, "आपकी बहू ठीक है?" म्हटलं, एकदम ठीक, झोपलीये.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली तेव्हा मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. दार सुनेने उघडलं. दीदी तिला सहज विचारत होती, या नावाची कोणी माहितीत आहे का, अजून सापडली नाही. आणि माझ्या कानावर सुनेचा आवाज आला, अगदी शांत, "दीदी, वो तो मैं ही हूँ."

तव्यावरची पोळी जळली. मी बाहेर आले तेव्हा दीदी भिंतीला टेकून उभी होती. तिला दोन्ही नावं, आमच्यातली पद्धत, आधार, सगळं समजवता समजवता माझ्या नाकी नऊ आले. तिला एवढंच कळलं की जिला ती आठवडाभर शोधत होती ती याच घरात होती. "माताजी," ती म्हणाली, "आप लोग नाम क्यों बदल देते हो?" मी दवाखान्यातल्या बाबूला शिव्या घातल्या. मग आधारवाल्यांना. मग मुलाला फोन करून त्याला. अगदी सुनेलाही म्हटलं, तुला सांगता येत नव्हतं का ग, आधारवर ते नाव आहे म्हणून? दीदीने तोवर रिक्षा बोलावली होती.

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी सुनेच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. तीन आठवड्यांपूर्वी आणलं असतं तर सलाईनमधून लोहाचं औषध देऊन भागलं असतं, म्हणाल्या. आता रक्तच चढवावं लागेल. असंच बाळंतपण झालं असतं आणि थोडा जरी रक्तस्राव झाला असता तर आई हातची गेली असती, बाळही. असं तोंडावर सांगितलं त्यांनी. दोन पिशव्या चढवल्या. मुलगा इंदूरहून येईपर्यंत मी बाकावर बसून होते. देवाला काय काय बोलले ते माझं मला ठाऊक.

वाचली. दोघीही वाचल्या. नात झाली, जेमतेम दोन किलोची, पण रडली खणखणीत.

घरी आल्यावर दीदी बाळाला बघायला यायची, वजन करायची. चौदाव्या दिवशी तिने बाळाला झोळीत घालून काटा उचलला, वजन वाढलं होतं. ती खूश झाली आणि मग एकदम ओशाळून म्हणाली, "माताजी, गलती मेरी भी है. उस दिन अंदर आकर एक बार बहू से पूछ लेती तो."

मी म्हणणार होते, छे छे, तुमची कसली चूक. तेवढ्यात सून पलंगावरून म्हणाली, "नाही दीदी, आपने तो ज़ोर से पूछा था. मी जागी होते, पण नाव तेवढंच कळलं, काम काय ते कळलं नाही. दोनदा ओरडले आतून, मी आहे, मी आहे. उठता येत नव्हतं मला. पण आई बोलत होत्या."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आदल्या दिवशीची भाजी कोणती होती हे सांगावं तसं तिने सांगितलं, आणि बाळाला परत मागून घेतलं. दीदीने मान खाली घालून रजिस्टर उघडलं.

मला आठवतं, त्या वेळी मी काय बोलत होते ते. ती आतून हाका मारत होती, आणि मी दारात उभी राहून सांगत होते की असल्या बायकांना देवाने मूल देऊच नये.