सुरतेला न पोचलेला जवाब

लोकेशच्या दुकानाला पाटी नव्हती. दवनीवाड्यात कुणी ‘नेटवर जातो’ म्हणालं की लोकेशकडे, हे कळायचं. आत एक जुना संगणक, एक प्रिंटर आणि टेलिफोनच्या तारेतून येणारं इंटरनेट. वडील राईस मिलमध्ये कामाला. लोकेशने पॉलिटेक्निक मधेच सोडलं होतं. का सोडलं, ते त्याने मला कधी सांगितलं नाही. मी गोंदियाला मराठीत एम.ए. करत होते. सुट्टीच्या दिवशी त्याच्या दुकानात बसून गाण्यांची नावं टाइप करून द्यायची, एवढीच आमची मैत्री. पण ती पक्की होती.

ही २०१० सालची गोष्ट.

त्या उन्हाळ्यात विहाराच्या वर्धापनदिनाला कव्वालीचा मुकाबला ठेवला होता. भोजनदान झालं आणि दुपारीच मंडपात दोन पार्ट्या समोरासमोर बसल्या. एका बाजूला देवीदासकाका, दुसऱ्या बाजूला अनुसयाबाई. अनुसयाबाई धानाच्या रोवणीला, कापणीला जाणारी बाई. आवाज असा की ढोलकीवाला मागे पडायचा. मुकाबल्यात एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे जुळवून जवाब द्यायचा. लिहून आणलेला जवाब लोकांना चालत नाही. लगेच ओळखतात.

शेवटचा सवाल देवीदासकाकांनी टाकला. शिका, शिका म्हणून तू गावोगाव गात फिरतेस, मग तुझा स्वतःचा पोरगा शाळा सोडून सुरतेला माग का चालवतो?

मंडपात कुणीतरी हसलं. अनुसयाबाई पाणी प्यायल्या. मग त्या गायल्या. पोराने, गोवर्धनने, शाळा सोडली त्याच वर्षी त्याची धाकटी बहीण अल्का शाळेत टिकली, आणि आज ती नर्स आहे. एवढंच त्या गाण्यात होतं. पण कसं होतं, ते मला सांगता येत नाही. मला अर्थ आठवतो. ओळी आठवत नाहीत. देवीदासकाकांनी माईक खाली ठेवला आणि हात जोडले. बायका उभ्या राहिल्या.

लोकेशने हे सगळं एका लग्नवाल्या व्हिडिओग्राफरच्या कॅमेऱ्यावर घेतलं होतं. कॅसेट त्याला परत करायची होती. ती त्याने लगेच संगणकात उतरवली आणि प्रत्येक गाण्याची वेगळी फाइल केली.

“गोवर्धनले पोचवाचं हाय,” तो म्हणाला. “त्याच्या मायनं भर मंडपात त्याचं नाव घेतलं. त्यानं आयकलं पाहिजे.”

गोवर्धन त्याचा वर्गमित्र. सुरतेला एका खोलीत गावची बरीच पोरं राहत. हैदराबादला होती, भिलाईला होती. सगळ्यांनाच मुकाबला हवा होता. लोकेशने तो टोरंटवर टाकला. म्हणजे फाइलचे तुकडे होतात. ज्याच्याकडे जो तुकडा आला तो त्याने पुढच्याला द्यायचा. एकट्यावर भार नको, अशी ती पद्धत.

भार मात्र आलाच. दुकानाची लाइन मेली. परीक्षेचे फॉर्म भरायला आलेल्या पोरी ताटकळत बसल्या.

“का गा लोकेश, तुहा नेट जेवाले गेला का?” एकीने विचारलं.

“गाणे चालले सुरतेले.”

“मंग फॉर्म बी तिकडूनच भरतो.”

लोकेश दिवसभर त्या पडद्याकडे बघत बसला. आकडे बघून मला म्हणाला, “समीक्षा, गाणं कमी चाललं वो. बोलणंच जास्त चाललं.”

मला कळलं नाही. त्याने समजावलं. इतकी पोरं एकदम जोडली गेली आहेत. प्रत्येक जण विचारतो, तुझ्याकडे कोणता तुकडा आहे? प्रत्येक जण सांगतो, माझ्याकडे हा आला. पोचल्याची पोच वेगळी. नवा आला की त्याची ओळख वेगळी. प्रत्येक तुकड्याच्या पाकिटावर पत्ता लिहिलेला, त्याचंही वजन. आपली वर पाठवायची तार बारीक. त्यातली बरीचशी या बोलण्यातच भरून जाते.

“बांधीत रोवणाऱ्या दोन बाया आणि धुऱ्यावर वरडणारे वीस,” तो म्हणाला. धानाच्या शेतात राबणाऱ्या दोघी, बांधावरून हुकूम सोडणारे वीस.

मग त्याने एकेक करून ओरडणारे कमी केले. तुकडे मोठे केले, म्हणजे मागणी कमी वेळा येईल. जोडण्या चारावर आणल्या. पाठवण्याचा वेग मुद्दाम थोडा खाली ठेवला, म्हणजे पोच यायला वाट मोकळी राहील. एकच तुकडा दोघांना द्यायचा नाही, असंही ठरवलं. एकाला दिला, तो त्याच्याकडून पुढे गेलेला दिसला, की मगच त्याला दुसरा. फॉर्मवाल्या पोरींचं काम सुरू झालं. लोकेश खूश होता. कुणी बक्षीस दिल्यासारखा.

त्याच आठवड्यात राजदीप आला. राजदीप आमच्याच मोहल्ल्यातला, देवीदासकाकांचा मुलगा. गोंदियाला संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायचा. तिथली लाइन रुंद. लोकेशला पहिल्यांदा संगणक त्यानेच शिकवला होता.

“देख यार, चौघं तरी कायले जोडतोस?” तो म्हणाला. “मले एकट्याले दे. एकदाच. बाकीचे माझ्याकडून घेतील. तुझी लाइन फ्री.”

लोकेशला ते पटलं. एकच हात, एकच ओळख, एकच पोच. याहून कमी बोलणं शक्यच नव्हतं. पेनड्राइव्हमधून व्हायरस येतात म्हणून त्याने सगळं तारेवरूनच पाठवलं. बाकी सगळ्यांच्या जोडण्या तोडल्या. राजदीपच्या नावापुढची हिरवी पट्टी शंभरावर गेली, ती मीही पाहिली. लोकेशने टाळी वाजवली.

पुढे व्हायरस आलाच, कुणाच्या तरी मेमरी कार्डातून. लोकेशने संगणक पुसून पुन्हा लावला.

“मुकाबला वेगळा काढून ठेवला का?” मी विचारलं.

“राजदीपजवळ पूर्ण हाय ना. शेजाऱ्याच्या कोठीत धान ठेवलं तं पावती मागते का कोणी?”

मग गोवर्धनचा फोन आला. लोकेशने स्पीकर लावला.

“सगळे गाणे आले बे,” गोवर्धन म्हणाला. “खोलीत सगळ्यांनी मिळून पाहिले. देवीदासकाकाचा सवाल बी पाहिला. पोरं हासले. मंग माय चूप राहिली का?”

“चूप कायची राहते? जवाब मागून येऊन राहिला. थांब जरा.”

तो थांबला. जवाब आला नाही. हैदराबादच्या पोरांचंही तिथेच अडलं होतं. भिलाईलाही तिथेच.

लोकेशने राजदीपकडून सगळं परत मागवायला घेतलं. पट्टी भरत गेली आणि त्याच जागी थांबली. राजदीपच्या नावापुढे आता शंभर नव्हतं.

लोकेश म्हणाला, “पट्टी पुढं जाते. नाही तं थांबते. मागं येत नाई. कोणी पुसल्याशिवाय मागं येत नाई.”

व्हिडिओग्राफरला फोन केला. त्या कॅसेटवर तिरोड्याचं एक लग्न आलं होतं.

आम्ही बसने गोंदियाला गेलो. राजदीपने चहा मागवला. हसून विचारलं, “क्या रे, आज इकडे कसे?”

“शेवटची फाइल,” लोकेश म्हणाला.

“अरे, ती खराब आली होती यार. करप्ट.”

“खराब तुकडा टोरंट घेतच नाही. जुळवून पाहते, मगच ठेवते. तूच शिकवलं होतं मले.”

राजदीप कपाकडे बघत राहिला. क्लासमधली मुलं आमच्याकडे बघत होती. त्याने दार ओढून घेतलं.

“बाबा त्या दिवसापासून माईकले हात नाही लावत,” तो म्हणाला. “लोक रस्त्यात हासतात. आता हैदराबाद, सुरत, सगळीकडे हासू देऊ? बाप हाय माझा.”

“गोवर्धनची माय हाय ती.”

“माहीत हाय मले.”

“मंग सवाल तरी काऊन जाऊ देला? तो बी पुसाचा होता.”

राजदीपने मान वर केली. खरंच आश्चर्य वाटल्यासारखी. “सवाल बाबानं चांगला गायला होता,” तो म्हणाला.

आम्ही उठलो.

बसस्टँडवर लोकेश म्हणाला, “त्यानं आधी पूर्ण आयकलं. मंग पुसलं. मंग पोरायले दार उघडलं.” तेवढंच. चहा आम्ही दोघंही पूर्ण प्यायलो होतो, याचा मला राग येत होता.

तिथूनच त्याने गोवर्धनला फोन लावला. जवाबात काय होतं ते सांगायचा प्रयत्न केला. अल्काचं नाव सांगितलं. काकांनी हात जोडले, ते सांगितलं. गोवर्धन ऐकत होता.

“तू माहा दोस्त होस,” तो शेवटी म्हणाला. “तू असंच सांगशील.”

मग लोकेशने पुन्हा सगळ्यांच्या जोडण्या उघडल्या. कुणाकडे तरी तो तुकडा गेला असेल, या आशेवर. लाइन पुन्हा मेली. लोक बडबडले. तो ऐकून घ्यायचा. कुणाकडेच तुकडा नव्हता.

रोवणीचे दिवस होते. आम्ही अनुसयाबाईंना शोधत बांधीवर गेलो. लोकेशच्या हातात पुन्हा तोच कॅमेरा होता, मागून आणलेला.

“मावशी, तो जवाब आणखी एकदा गाऊन द्या. गोवर्धनसाठी.”

त्या चिखलातच उभ्या होत्या. हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची पेंढी. “तो देवीदासभाऊच्या तोंडावर देला होता गा. सामने तोंडच नाही तं जवाब कोणाले देऊ? आणि मले आता शब्द बी सांगता येत नाहीत. आले तसे गेले.” मग त्यांनी विचारलं, “राजदीपजवळ हाय म्हणत होता ना तू?”

लोकेशने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल.

“होता,” तो म्हणाला.

“मंग झालं तं. आपलाच पोरगा हाय तो.”

त्यांनी धुऱ्यावर येऊन हात धुतले, पदराला पुसले, डब्याच्या पिशवीतून मोबाइल काढला आणि गोवर्धनला लावला.

“आयक बाप्पा,” त्या मोठ्याने म्हणाल्या, सुरत लांब असल्यामुळे. “मी चूप नाही राहिली. राजदीप पाठवते तुले. तू त्यालेच फोन कर.”